रंगकाम होऊन चार महिने झाले आणि भिंतीवर चार तऱ्हेचे डाग. जाणकारांनी सांगावं

लिटमस | १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी रत्नागिरीत, नाचणे रोडच्या आतल्या बाजूला. तळमजला अधिक तीन, सोळा बिऱ्हाडं. इमारत १९९८ ची. सांगाडा काँक्रीटचा, भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आणि वरून गिलावा. दर्शनी बाजूला तळमजल्यापुरता मात्र चिरा उघडाच ठेवून दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरल्या आहेत. बांधणाऱ्याला तेव्हा ते शोभिवंत वाटलं असावं. दिसतंही छान, उगाच नावं ठेवत नाही.

मी शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले आणि "तुम्हाला आता काय, वेळच वेळ" एवढ्या एका वाक्यावर सोसायटीची सेक्रेटरी झाले.

यंदा फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुरुस्ती काढली होती. जिथे गिलावा सुटला होता तिथे नवा केला, गच्चीच्या जुन्या कोब्यातल्या भेगा भरून वर वॉटरप्रूफिंगचा लेप, कठड्याला नवा गिलावा, सगळीकडे प्रायमर आणि दोन हात रंग, उघड्या चिऱ्याची सफाई आणि दरजा नव्याने. एकूण ११ लाख ४० हजार. परांची उतरली १८ मेला. त्या दिवशी इमारत इतकी देखणी दिसत होती की समोरच्या दुकानदाराने फोटो काढून मला पाठवला.

मग पाऊस लागला. आणि मग गणपती आले. गणपती आले म्हणजे मुंबईचे फ्लॅटमालक आले, आणि रिक्षातून उतरता उतरता प्रत्येकाने मान वर करून एकच प्रश्न विचारला, "रंग दिला ना हो?"

डाग चार तऱ्हेचे आहेत. फोटो खाली डकवलेत, तरी सांगते.

पश्चिमेच्या भिंतीवर, गच्चीच्या स्लॅबच्या बरोबर खाली, सुमारे ११ फूट लांबीत पांढरे ओघळ. मेणबत्तीवरून मेण उतरतं ना, तसे. नखाने खरवडलं तर खपली निघते. जुलैच्या मध्यावर दिसायला लागले.

छज्ज्यांखाली आणि खिडक्यांच्या बाजूला तांबूस, चकचकीत थेंबांच्या रेषा, काकवी सांडल्यासारख्या. मेअखेरीला वळवाची एक सर आली, त्याच्या दुसऱ्या दिवशीच होत्या. उघड्या भिंतीवरच्या जुलैत गेल्या, आडोशाच्या अजून तशाच.

तिसरे गंजाचे. पश्चिम आणि दक्षिण भिंतीवर नाण्याएवढे ठिपके आणि खाली वीतभर ओघळ. चौदा मोजले. माझी झोप उडाली आहे ती यांनी. तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद सगळ्यांना सांगत सुटलेत की आतल्या सळ्या फुगल्या, इमारत गेली.

आणि चौथा, उघड्या चिऱ्याच्या खालच्या जोत्यावर. जोतं पांढरं रंगवलं होतं, आता त्यावर हळदीचं पाणी उतरल्यासारखा पिवळा-तपकिरी पट्टा आहे, जवळजवळ सगळ्या दर्शनी बाजूला.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "ताई, कोकणातला पाऊस आहे, होणारच. दिवाळीआधी एक हात मारून देतो." चेअरमनना ते पटलंय. त्याचे पाच टक्के, म्हणजे ५७ हजार, आमच्याकडे राखून ठेवलेत आणि ते त्याला हवे आहेत. मला हात मारून नको, आधी कारण हवंय. यात इमारतीला धोका कशात आहे, कॉन्ट्रॅक्टरची चूक कशात आणि आमची कशात?


साधा_पुणेकर | १४ सप्टेंबर

ऑफ व्हाइट कोणी निवडला? कोकणात सरळ शेवाळी हिरवा द्यावा आणि निसर्गाशी भांडण मिटवावं.

(गंभीरपणे: रंगाच्या कंपनीच्या माणसाला बोलवा, वॉरंटी असते.)


लिटमस | १४ सप्टेंबर

ऑफ व्हाइट मीच निवडला. नऊ विरुद्ध सात मतांनी. ती जखम ताजी आहे, चोळू नका.


ओळंबा | १५ सप्टेंबर

ताई, फोटो चांगले आहेत, पण सगळे अंगणातून काढलेत. डाग वाचायचा तो वरच्या टोकाकडून. खाली तो फक्त पसरतो. बोलतो तो जिथून सुरू होतो तिथे. प्रत्येक ओघळाचा उगम कशाशी आहे ते बघा: भेगेशी, लोखंडाशी, छज्ज्याच्या कडेशी की भिंतीच्या मधोमध कशाशीच नाही. मी ३८ वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, निम्मी कोकणात. नोकरीच्या सुरुवातीला एका विश्रामगृहाच्या भिंतीवरच्या डागावर मी तीनदा रंग मारून घेतला होता. चौथ्यांदा वर चढून बघितलं, तर पाणी भलत्याच खोलीच्या नहाणीतून चालत येत होतं. तेव्हापासून आधी जिना, मग ब्रश.

तुम्ही प्रयोगशाळेतल्या, तेव्हा तुमच्याकडून कामच करून घेतो.

पांढऱ्या ओघळाची खपली काढून वाटीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. फसफसली तर ती चुनखडी. सिमेंटमध्ये मोकळा चुना असतो, झिरपणारं पाणी तो विरघळवत आणतं, बाहेर हवा लागली की त्याची चुनखडी होते. गुहेत छताला लोंबतात ना, त्याच जातीची. म्हणजे तिथे पाणी काँक्रीटमधून चालत आलंय, थोडं नाही, सतत. फसफसली नाही आणि साध्या पाण्यात विरघळली, तर तो क्षारांचा लोणा. तो नव्या गिलाव्यातून पहिल्या वर्षी येतो आणि बऱ्याचदा कोरड्या ब्रशने झाडला की कमी होत जातो. एक सावधगिरी: भिंतीवरच व्हिनेगर टाकून बघू नका. पुट्टीत आणि रंगातही चुनखडीची भुकटी घातलेली असते, तीही फसफसते आणि फसवते. जुने गवंडी खपली जिभेला लावून मीठ ओळखत. तुम्ही लावू नका.

काकवीच्या रेषांना ओलं फडकं लावा, काय होतं ते सांगा.

गंजाच्या ठिपक्यांची एकमेकांपासूनची अंतरं मोजा. फोटोत खिडकीच्या मापावरून काढता येतील. सळी फुगते तेव्हा सहसा ठिपका येत नाही, रेघ येते. खांबाच्या कडेने उभी किंवा बीमच्या तळाने आडवी भेग, तिच्यातून गंज, आणि हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर भद्द आवाज. तुमच्या फोटोत मला भेग दिसत नाही. जमलं तर लोहचुंबकही लावून बघा.

चौथ्यासाठी एकच प्रश्न: चिरा कशाने धुतला?


शेडकार्ड | १५ सप्टेंबर

रंगाच्या दुकानात २२ वर्षं मशीनवर शेड काढतोय, म्हणून दुसऱ्या डागावर बोलतो. ताई, ती काकवी बहुतेक रंगाचीच आहे. पाण्यात मिसळणाऱ्या रंगात साबणाच्या जातीची द्रव्यं असतात, रंगाची भुकटी पाण्यात सारखी पसरून राहावी म्हणून. रंगाचा पापुद्रा पुरता पिकायला हवेप्रमाणे काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्याआधी दव पडलं, धुकं आलं किंवा हलकी सर आली, तर ही द्रव्यं वर येतात आणि थेंबाबरोबर ओघळून तिथेच सुकतात. गडद शेडमध्ये पांढुरकी दिसतात, फिक्या शेडमध्ये तांबूस. जोराचा पाऊस त्यांना आपोआप धुतो. म्हणून उघड्यावरची गेली आणि छज्ज्याखालची राहिली. रंग खराब झालेला नाही. साधं पाणी, मऊ स्पंज, दोन-तीन वेळा. जितकं लवकर धुवाल तितकं बरं, वर्षभर राहिलं तर डाग हट्टी होतो.

हो, आणि याच्यावर न धुता रंगाचा हात मारला तर तो तिथे नीट धरत नाही. दिवाळीआधीच्या "एका हाता"चा विचार करताना हे लक्षात ठेवा.


गच्चीराजा | १६ सप्टेंबर

एवढा काथ्याकूट कशाला? प्रेशर पंपाने पूर्ण इमारत धुवा, वरून सिलिकॉनचा पारदर्शक कोट मारा. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत केलंय, दोन वर्षं झाली, एक डाग नाही.


ओळंबा | १६ सप्टेंबर

गच्चीराजा, तुमच्याकडे चाललं असेल, पण त्यांच्या भिंतीत आत्ता पाणी आहे. सप्टेंबरात प्रेशरने धुतलं तर जिथे भेग आहे तिथे आणखी पाणी आत कोंबलं जाईल. आणि ओल्या भिंतीवर पाणी न पिणारा कोट दिला तर क्षार बाहेर यायच्या ऐवजी कोटामागे साठतात आणि पोपडा घेऊन उडतात. त्या जातीची द्रव्यं चांगली आहेत, मी स्वतः वापरली आहेत, पण मार्चमध्ये, सुकलेल्या भिंतीवर, गळती थांबवल्यावर.

शिवाय रत्नागिरीत पावसाळ्यात पश्चिमेची भिंत दिवस दिवस झडीच्या माऱ्यात असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि समोरून खारा वारा. मीठ भिंतीत गेलं की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेपर्यंत ते स्वतःच ओलं राहतं. अशी भिंत सुकायला वेळ द्यावा लागतो, तिथे घाई करून भागत नाही.


लिटमस | १९ सप्टेंबर

तीन दिवस इमारतीभोवती फिरतेय. वॉचमनला वाटतंय माझं काहीतरी हरवलंय.

पांढरी खपली: तीन ठिकाणची घेतली, तीन वाट्यांत. तुलनेसाठी चौथ्या वाटीत खायचं मीठ. तिन्ही खपल्या फसफसल्या, मीठ गप्प. पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली, तळाशी तशीच. म्हणजे चुनखडी. उगमही बघितला, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मान वाकडी करून (घरच्यांना सांगू नका). स्लॅबची कड आणि चिऱ्याची भिंत जिथे मिळतात तिथे केसाएवढी आडवी भेग आहे, सगळे ओघळ तिथूनच.

काकवी: ओल्या फडक्याने पुसली गेली, फडक्यावर चक्क फेस आला. शेडकार्ड, तुम्हाला पैकीच्या पैकी. आमच्या वॉचमनच्या बायकोने दोन खिडक्या धुऊन दाखवल्या, खालचा रंग अगदी ठणठणीत.

आता गंज. ओळंबा साहेब, तुम्ही अंतरं मोजायला सांगितलीत तेव्हा मला वाटलं उगाच मास्तरकी करताय. पश्चिमेला आठ ठिपके: चार-चारच्या दोन ओळी. दक्षिणेला सहा: तीन-तीनच्या दोन ओळी. आडवं अंतर साधारण ६ फूट, दोन ओळींमधलं उभं अंतर ७ फूट. दोन्ही भिंतींवर तेच. कागदावर काढून बघितलं आणि हसूच आलं, गंज कधी पट्टी घेऊन बसतो का! निरोपसमारंभात मुलांनी मला एक नालचुंबक दिला होता, तो दोऱ्याला बांधून माझ्या गॅलरीतून हाताला येणाऱ्या दोन ठिपक्यांजवळ सोडला. दोन्ही ठिकाणी भिंतीकडे ओढला गेला आणि टक्कन चिकटला. वीतभर बाजूला नेला तर नुसता लोंबकळतो. ठोकून आवाज घेतला, भरीव आहे.

चिरा कशाने धुतला ते कोणालाच "आठवत नाही". कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाण्याने. पण तिथली अबोलीची रांग एप्रिलमध्ये जळाली होती, तेव्हा आम्ही उन्हाला दोष दिला. आणि जिन्याखालच्या टपालपेट्यांच्या बिजागऱ्या, नव्या कोऱ्या, त्याच आठवड्यात तांबूस झाल्या होत्या. हे माझ्या आत्ता डोक्यात येतंय.


चिरेबंदी | १९ सप्टेंबर

डिचोलीहून लिहितोय. आमच्याकडे घर म्हणजे चिराच, त्यामुळे हे दुखणं घरचं.

ताई, अ‍ॅसिड वापरलंय. बाथरूमच्या लाद्या घासायला आणतात ते, हायड्रोक्लोरिक. दरजा भरताना चिऱ्याच्या तोंडावर सिमेंट सांडतं, ते खरवडायचा कंटाळा येतो. मग पातळ करायचं सोडून कॅनमधलं तसंच ब्रशने लावतात. सिमेंट जातं, चिरा लालबुंद दिसतो, मालक खूश. पण जांभ्याचा रंग म्हणजेच लोखंड. अ‍ॅसिडने ते विरघळतं आणि चिऱ्याच्या भोकांत बसून राहतं. पाऊस आला की खाली उतरतं. खाली काय, तर सिमेंटचं जोतं, म्हणजे अल्कली, अ‍ॅसिडच्या बरोबर उलट. तिथे पोचलं की ते लोखंड पुन्हा घट्ट होऊन पिवळं-तपकिरी बसतं. तुमची हळद ती हीच.

बिजागऱ्यांवरून तर शंकाच राहत नाही. त्या अ‍ॅसिडची नुसती वाफसुद्धा जवळच्या लोखंडाला एका रात्रीत गंजवते. माझ्या सासुरवाडीला अंगणातला चिरा धुतला आणि आत पडवीत टांगलेला आडकित्ता गंजला होता.

आता काय करू नये: चिऱ्यावर आणखी कुठलंही अ‍ॅसिड, ऑक्झॅलिकसुद्धा. ते गंजाच्या डागावर चांगलं काम करतं हे खरं, पण चिऱ्यात लोखंडाशिवाय दुसरं आहे काय? तो सोडतच राहील. चिरा साध्या पाण्याने वरून खाली पुन्हा पुन्हा धुवा, मग खायच्या सोड्याचं पाणी आणि परत साधं पाणी. तुम्ही लिटमसवाल्या, शेवटच्या पाण्याला कागद लावूनच थांबा. जोत्याचा डाग घासून निघेल तेवढा काढा, सुकू द्या, अल्कली सोसणारा प्रायमर देऊन मग रंग. आणि जमलं तर जोत्याला पांढरा नकोच, जांभा उतरला तरी दिसणार नाही असा रंग द्या. आमच्याकडे जोती लाल किंवा राखाडी असतात ती काय उगाच नाहीत.


ओळंबा | २० सप्टेंबर

चिरेबंदींनी चौथ्याचा निकाल लावला, मला त्यात भर घालायची नाही.

ताई, तुमचे चौदा ठिपके म्हणजे परांचीचे खुंटे. बांबू हलू नयेत म्हणून भिंतीत सळीचे तुकडे ठोकतात आणि त्यांना सुंभाने परांची आवळतात. ७ फूट म्हणजे परांचीच्या एका मजल्याची उंची, त्यावर उभं राहून गवंड्याचा हात वरपर्यंत पोचतो. उतरताना तुकडे उपटून भोक भरायचं असतं. तुमच्याकडे ते भिंतीच्या तोंडाशी ग्राइंडरने कापले आणि वर पुट्टी फासली. पुट्टी दोन मिलिमीटर, पाऊस चार महिने. गंजणारच. इमारतीला धोका शून्य, पण काम मात्र लाजिरवाणं, आणि ते शंभर टक्के कॉन्ट्रॅक्टरचं. त्याच्याकडून तो तुकडा आत इंचभर खोल कापून घ्या, राहिलेल्या टोकाला झिंकचा प्रायमर, भोक पॉलिमर मॉर्टरने भरून मग रंग. वर नुसता रंग मारू दिलात तर पुढच्या गणपतीत तेच चौदा पुन्हा मोजाल.

आता पांढरा. हा मात्र मला आवडलेला नाही. गच्चीवरून पाणी कोब्यात शिरतंय. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट, तो पाणी पिऊन बसतो आणि सवडीने स्लॅबच्या कडेने सोडतो. पाणी शिरतं एका कोपऱ्यात आणि दिसतं भलतीकडे, म्हणून ओघळाच्या बरोबर वर लेप फासून उपयोग नाही. पाऊस सरला की, ऑक्टोबरात चार कोरडे दिवस बघून, गच्चीचे भाग पाडा. भाताच्या खाचराला घालतो तसे मातीचे किंवा मॉर्टरचे बांध घाला, एकेका खाचरात दोन इंच पाणी ४८ तास. कुठलं खाचर भरलं की भिंत ओली होते ते बघा. रंगीत पाणी सोडायच्या भानगडीत पडू नका, कोब्यात रंग गाळला जातो.

आणि ते वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून दाखवलं होतं का? फोटो असेल तर काढा.

इमारत १९९८ ची, म्हणजे पंधरा ते तीस वर्षांतली. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी) हवं, तीसनंतर दर तीन वर्षांनी. झालंय का? त्या तिसऱ्या मजल्याच्या सभासदांना उत्तर द्यायला व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा तो कागद बरा.


लिटमस | २० सप्टेंबर

ऑडिट शेवटचं सात वर्षांपूर्वीचं. लिहून घेतलं.

पाणी साठवल्याचे फोटो आहेत, ९ मेचे. तीन दिवस ठेवलं होतं, कुठेच गळलं नव्हतं. म्हणूनच मला हे कोडं सुटत नाही.


लिटमस | २३ ऑक्टोबर

महिनाभर इथे फिरकले नाही, कारण शेतकरी झाले होते. गच्चीवर तीन खाचरं घातली. शेजारच्या पोरांनी त्यात कागदी होड्या सोडल्या. चेअरमन म्हणाले, "मॅडम, आता भात पेरताय का?"

पहिलं खाचर, उत्तरेचं: दोन दिवस, भिंत कोरडी. मधलं: दोन दिवस, कोरडी. तिसरं नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातलं. सकाळी साडेअकराला पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला स्लॅबखाली ओल दिसली. तीस तास. आणि ओल त्या खाचराच्या खाली नव्हती, चांगली आठ-नऊ फूट उत्तरेला, जुन्या ओघळांच्या मधोमध. ओळंबा साहेब, दंडवत.

त्या खाचरात काय आहे हे बघायला मी ९ मेचा फोटो आणि आजची गच्ची शेजारी धरली. पाण्याचा नळ, टाकीचा पाइप, कठड्याचा वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात तिथली गोलाई), सगळं तसंच. एक गोष्ट जास्त. फोटोत नाही आणि आज आहे: डिश अँटेनाचं स्टँड. कामासाठी सगळ्यांच्या डिश उतरवल्या होत्या. बाकीच्यांनी कठड्याला आडव्या बसवल्या. ही एकच कोब्यावर बसवली आहे, मेच्या शेवटच्या आठवड्यात, नव्या लेपातून ड्रिलने चार भोकं पाडून, चार फास्टनर मारून.

डिश चेअरमनची आहे.

कॉन्ट्रॅक्टरला मी या पांढऱ्या ओघळांवरून दोनदा फोनवर बोलले होते, आवाज चढवून. काल फोन करून तेवढ्यापुरती माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या ताई, बाकीचं माझंच आहे." मग चौदा खुंट्यांचं आणि अ‍ॅसिडचंही कबूल केलं. अ‍ॅसिड म्हणे मुकादमाने आणलं होतं.


शेडकार्ड | २४ ऑक्टोबर

चेअरमनना कसं सांगितलंत, ते आधी लिहा.


लिटमस | २४ ऑक्टोबर

सांगितलं नाही. खाचर दाखवायला गच्चीवर नेलं आणि शेजारी उभी राहिले.


ओळंबा | २४ ऑक्टोबर

भोकं भरताना नुसता लेप नको. फास्टनर काढा, भोकाभोवती लेप वीतभर खरवडा, भोकात न आकसणारं ग्राउट, वर जाळी घालून लेपाचे दोन हात, आणि पुन्हा ४८ तास खाचर. भिंतीवरचा रंग लगेच देऊ नका. कोबा आत्ता भरलेला आहे, तो निदान डिसेंबर-जानेवारीपर्यंत सोडत राहील. सुकलं की नाही बघायचं असेल तर फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. खपली कोरडीच खरवडा. आणि रंग देताना डागापुरता चौकोन देऊ नका, थिगळ दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पट्ट्यापासून पट्ट्यापर्यंत पूर्ण भाग घ्या.


लिटमस | १७ जानेवारी

प्लॅस्टिक चौथ्या खेपेला कोरडं निघालं. रंग काल संपला.

खुंटे कापताना मी खाली उभी होते. चौदापैकी बारा चिऱ्यात होते, दोन मात्र बीममध्ये. त्या दोन ठिकाणी ताजं काँक्रीट उघडं पडलं तेव्हा मी जुन्या शाळेतून मागून आणलेलं फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली लागली की गुलाबी होणारं द्रव्य) ड्रॉपरने टाकलं. वरचा साधारण एक सेंटिमीटर तसाच राहिला, आत गडद गुलाबी. अल्कली शाबूत आहे म्हणजे सळीला गंजापासून जपणारं कवच शाबूत, निदान त्या दोन जागी. तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "रंग छान आहे, हाच द्यायला हवा होता." ऑडिट फेब्रुवारीत ठरलंय, इंजिनिअर बाकीच्या ठिकाणी रीतसर तपासणार आहेत.

चिरा सात वेळा धुतला. सातव्या पाण्यात निळा लिटमस कागद निळाच राहिला, म्हणजे अ‍ॅसिड निघालं. जोत्याला राखाडी दिला, चिरेबंदींचं ऐकून, सोळा विरुद्ध शून्य मतांनी. अबोली पुन्हा लावली आहे.

कॉन्ट्रॅक्टरचे ५७ हजार दिले. डिशची भोकं भरायला ४,२०० रुपये लागले. ते सोसायटीने द्यायचे की कोणी, यावर सभेत पाऊण तास गेला आणि शेवटी चेअरमननीच खिशातून काढून टेबलावर ठेवले. डिश आता त्यांच्या गॅलरीत आहे. सिग्नल तिथेही छान येतो, असं वहिनी म्हणाल्या.